मागायचं राहिलेलं मत

निवडणूक जाहीर झाली की गल्लीतली बेकरी दुपारची बंद व्हायची. एरवी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडी. पण त्या दिवसांत दुपारचं जेवण उरकलं की वहिनी शटर अर्ध्यावर ओढायची, हाताचं पीठ झटकायची, चप्पल बदलायची आणि गल्लीच्या टोकापासून एकेका दाराची कडी वाजवत निघायची. नवऱ्यासाठी मत मागायला.

बेकरीत येणाऱ्या गिऱ्हाईकाला तिनं कधी मत मागितलं नाही. वास्तविक सगळी गल्ली रोज सकाळी तिच्याच फळीपुढं पावासाठी उभी असते. उन्हातान्हात जिने चढण्यापेक्षा तिथंच दोन शब्द बोलून टाकले असते तर काय बिघडलं असतं? तिच्या भावानं एकदा तसं सुचवलंही होतं. ती म्हणाली, "पाव त्याच्या हातात आणि त्याचे सुट्टे पैसे माझ्या हातात. अशा वेळी माणूस नाही म्हणेल का? त्याला त्याच्या घरात उभं राहून नाही म्हणता आलं पाहिजे." भाऊ मनात म्हणाला असेल, मग तर झालंच! पण तिचं चुकत नव्हतं. ज्याला नाही म्हणायची मोकळीक असते तोच मनापासून हो म्हणतो, आणि गल्ली दर वेळी मनापासून हो म्हणत आली होती.

बेकरी तिच्या वडिलांची. मुलाला पिठात हात घालायचा कंटाळा, म्हणून ती मुलीकडे आली. नवरा वीज कंपनीत वायरमन. पुढं तो आमदार झाला, गाडी आली, मागं फिरणारी माणसं आली, तरी गल्लीनं त्याला वायरमनच म्हटलं. त्याला त्याचा रागही नव्हता. एका वादळात आमदारसाहेब स्वतः खांबावर चढले होते आणि सरकारनं दिलेला अंगरक्षक खाली शिडी धरून उभा होता, हे गल्लीनं डोळ्यांनी पाहिलंय.

पहिल्यांदा तो उभा राहिला तेव्हा पक्षाला बळीचा बकरा हवा होता. समोर मोठा तालेवार माणूस, तिकीट घ्यायला कोणी तयार होईना. कुणीतरी म्हणालं, तो वायरमन बरा आहे, घराघरात ओळखतात. झालं. हा सगळीकडे पायपीट करून आला, पण आपल्याच गल्लीत पाऊल टाकायला तयार होईना. "ज्यांचे फ्यूज बसवले त्यांच्यापुढं हात पसरू? नको बुवा. ते काय उपकाराची परतफेड मागतोय म्हणतील." हा असा लाजाळू. मग काय करायचं? ती गेली. निवडणूक तो पडला, सपाटून पडला, पण शाळेतल्या आपल्या मतदान केंद्रावर त्यानं त्या तालेवाराला पार मागं टाकलं होतं. ते बघूनच पक्षानं पुढच्या वेळी त्याला पुन्हा तिकीट दिलं. तो निवडून आला, आणि त्यानंतर लागोपाठ आणखी दोनदा आला.

गल्ली तिनं सांभाळायची हे कधी कुणी ठरवलं नाही. घरात मीठ आहे हे जसं आपल्याला ठाऊक असतं, तसं त्याला ते ठाऊक होतं. डबा रिकामा होईपर्यंत कोण उघडून बघतो?

माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोला. सभागृहात फार बोलायचा नाही. पण वीज उपकेंद्र आणलं, रस्त्यांना दिवे आणले, सरकारी दवाखान्यात बायकांचा नवा वॉर्ड बांधून घेतला. मतदारसंघातल्या एकेका केंद्राचे आकडे त्याला तोंडपाठ. दार कोण कसं उघडतं यावरून मत कुठं जाणार हे सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. फक्त पायाला भिंगरी. घरी यायचा तो कपडे बदलायला. जेवताना एका हातात घास आणि एका हातात फोन. ती म्हणायची, "अहो, आमटी पाण्यासारखी झालीय का?" तो म्हणायचा, "करून टाकू, अर्ज देऊन ठेव." मग दोघंही हसायचे. म्हणजे तेव्हा हसायचे.

तिच्या पोटात दुखायला लागलं ते तिसऱ्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी. पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन करायचं ठरलं. ती म्हणत होती चौकातल्या डॉक्टरांकडे करू, खोली मिळेल, भाऊ सोबतीला राहील. तो म्हणाला, "सरकारी दवाखान्यात कर. मीच बांधलेला वॉर्ड आहे. आमदाराची बायको तिथं राहिली तर लोकांचा विश्वास बसेल." त्यातही खोट नव्हती. ती त्याच्याच वॉर्डात दाखल झाली. पहिल्या दिवशी तो आला नाही, कारण बैठक होती. दुसऱ्या दिवशी फोन आला. तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात एकदम गडबड उडाली. नर्सबाईंनी चादरी ताणल्या, फरशी पुन्हा पुसली गेली, आणि आठ-दहा माणसं मागं घेऊन तो दारातून आत आला.

एका टोकापासून त्यानं सुरुवात केली. प्रत्येक कॉटपाशी थांबायचा, लोखंडी दांडीवर हात ठेवायचा, मान थोडी तिरपी करायचा आणि म्हणायचा, "काळजी घ्या. काही लागलं तर सांगा. आपण आहोतच." मग पुढची कॉट. ती पडल्या पडल्या बघत होती. तीन दिवसांत केसांना कंगवा लागला नव्हता, तोंड सुजलेलं, अंगात दवाखान्याचा ढगळ झगा. तो आपल्याकडे येतोय म्हणून तिनं झगा सारखा केला. उठून बसायचा प्रयत्न केला, पण टाक्यांनी बसू दिलं नाही.

तो आला. दांडीवर हात ठेवला, मान तिरपी केली.

"काळजी घ्या बाई. काही लागलं तर सांगा. आपण आहोतच."

आणि पुढच्या कॉटकडे गेला.

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीनं सगळी मंडळी गेल्यावर विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का हो?"

"आमच्या गल्लीतले आहेत," ती म्हणाली.

संध्याकाळी तो एकटा फळं घेऊन आला. स्टूल ओढून बसला, म्हणाला, "सकाळी येऊन गेलो बरं का. गर्दी होती, नीट थांबता आलं नाही." ती हो म्हणाली. त्यानं आपल्याला ओळखलं नाही, की ओळखूनही तो तसाच पुढं गेला? विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण दोन्हींतलं कुठलंही उत्तर ऐकायचं त्राण तिच्यात नव्हतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि प्रश्न तसाच राहिला. अंगावरची जखम भरली, टाके निघाले. हे मात्र आत ठसठसत राहिलं.

काही महिन्यांतच निवडणूक आली. बेकरी दुपारीही उघडी राहिली. तिनं काही ठरवलं होतं असं नाही. रोज जेवण झालं की ती शटरकडे बघायची, उद्या जाऊ म्हणायची आणि बिस्किटांचे पुडे बांधायला बसायची. प्रचार भावाकडे होता. तो पलीकडच्या वस्त्यांत घाम गाळत होता. गल्लीचं काय, ती तर आपलीच. वायरमन दूरच्या टोकाला दोन-दोनदा जाऊन आला. आपल्या घरासमोरच्या दारात तो त्याही वेळी गेला नाही.

तो पडला, आणि तोही जेमतेम. जेवढ्या मतांनी पडला त्याहून जास्त मतं एकट्या शाळेतल्या केंद्रावर कमी झाली होती. ज्या माणसाला सगळे आकडे तोंडपाठ, त्याला हा आकडा काही पचेना.

मग शोध सुरू झाला. गद्दार कोण? मेहुणे-भाऊजी बसून एकेका घराचा पंचनामा करायचे आणि ती आत कणीक मळत ऐकायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटी संशय आला समोरच्या घरातल्या पोस्टमास्तरांवर. निवृत्त माणूस, स्वभावानं फटकळ. निवडणुकीआधी गटारावरून चार शब्द बोलले होते. एवढं पुरलं. एके सकाळी वायरमन भर गल्लीत त्यांना म्हणाला, "काका, समोर राहून पाठीत सुरा खुपसलात." पोस्टमास्तरांच्या हातात पावाची पिशवी होती. ती घेऊन ते घरात गेले. दुसऱ्या दिवसापासून बेकरीत यायचे बंद झाले, आणि त्या वयात पावासाठी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जाऊ लागले.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि हे तिच्या डोळ्यांदेखत झालं, फळीमागं उभी असताना. तेव्हा ती मूग गिळून गप्प बसली, आणि नंतरची पाच वर्षं ती खिडकीतून त्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडताना बघत राहिली. नवऱ्यावरचा राग एकीकडे, स्वतःची लाज एकीकडे. रागाचं एक बरं असतं, तो दुसऱ्यावर टाकता येतो. लाज कुठं टाकणार?

पडलेला आमदार घरी बसतो असं लोकांना वाटतं. छे! हा आणखीनच हिंडू लागला. आणि पाच वर्षांनी पक्षानं पुन्हा तिकीट दिलं तेव्हा सगळ्यांनाच कळत होतं की ही शेवटची संधी. वय उलटून चाललं होतं. आता पडला तर पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

एका दुपारी भाऊ आणि तो बेकरीतच बसले होते. भट्टी निवत आली होती. भाऊ म्हणाला, "भाऊजी, गल्लीत यंदा कुणाला तरी पाठवू. पोस्टमास्तरांचं घर सोडून देऊ."

"ते घर सोडू नका," ती म्हणाली. "त्यांनी काही केलं नाही. मागच्या वेळी गल्लीत मत मागायला कुणी गेलंच नव्हतं."

"म्हणजे?" वायरमन म्हणाला. "तू गेली होतीस ना?"

"मी नव्हते गेले."

भावानं भाऊजींकडे बघितलं, मग ताईकडे, आणि शहाणपणा करून तो पुडे मोजायला मागं निघून गेला.

वायरमन तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "का?"

तिनं सांगितलं. झगा, दांडी, शेजारची म्हातारी, सगळं. आवाज चढवला नाही, रडली नाही. इतक्या वर्षांत मनात इतक्यांदा बोलून झालं होतं की आता पाव किती हवेत ते विचारावं तसं ते बाहेर आलं. "मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नव्हतं का?"

राजकारणात त्यानं काय काय उत्तरं दिली असतील! सभागृहात, पत्रकारांना, चिडलेल्या जमावाला. एखादं तिलाही देता आलं असतं. पण तो खाली मान घालून भट्टीच्या दाराकडे बघत राहिला.

"तुझ्याजवळ होतो तेव्हा नाही," तो म्हणाला. "दोन कॉट पुढं गेल्यावर कळलं. पण मागं फिरलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, की ह्यानं बायकोला ओळखलं नाही. म्हणून तसाच पुढं गेलो."

"सगळ्यांना नाही कळलं," ती म्हणाली. "मला कळलं."

तो उठला, बसला, पुन्हा उठला. चूक झाली म्हणाला. ती म्हणाली, "माझ्याशी नंतर बोला. आधी समोर जा."

मतदारसंघातला कुठलाही जिना न दमता चढणारा माणूस तो रस्ता ओलांडायला घाबरत होता. तरी गेला. दार पोस्टमास्तरांनीच उघडलं. ती फळीमागून बघत होती; ऐकू काही येत नव्हतं. तो दारातच उभा राहून बोलला. मास्तर ऐकत होते, मग त्यांनीही काहीतरी सुनावलं, बराच वेळ सुनावलं, आणि त्याला आत न बोलावताच दार लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग सरल्यावर ते पिशवी घेऊन बेकरीत आले.

"काका, चूक ह्यांची एकट्यांची नाही," ती म्हणाली. "मला तेव्हाच बोलायला हवं होतं."

"ते काल कळलं आम्हाला. त्यानं सगळं सांगितलं, दवाखान्याचंसुद्धा," पोस्टमास्तर म्हणाले. "वहिनी, मी त्याला मत दिलं होतं हो. मागितलं नव्हतं तरी दिलं होतं. ह्याच गोष्टीचा राग होता." आणि मग नेहमीच्या फटकळ आवाजात, "पाव कालचे नाहीत ना?"

त्या दुपारी तिनं शटर अर्ध्यावर ओढलं.

भावाला वाटलं, ताई विरघळली. तसं नव्हतं. ती गल्लीच्या टोकापासून निघाली आणि प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं: मागच्या वेळी मी आले नाही, तो माझा घरचा राग होता, तो तुमच्या दारात आणायला नको होता. आमदार म्हणून हा माणूस चांगला आहे. दिवे त्यानं आणले, वॉर्ड त्यानं बांधला, मी त्याच वॉर्डात बरी झाले. शिंपिणीनं मिश्कीलपणे विचारलं, "आणि नवरा म्हणून?" वहिनी म्हणाली, "त्याची निवडणूक तुमच्याकडे नाही." गल्लीनं हसून घेतलं. पण जिना उतरताना वहिनीला आपल्याच बोलण्याचं नवल वाटत होतं. ज्याच्यावर आपण इतके रागावलोय त्याच्याबद्दल बोललेला एकही शब्द खोटा नव्हता. तो खोटा असता तर किती सोपं झालं असतं.

मतदानाच्या दिवशी ती शाळेत गेली. शाई लावून घेतली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली आणि यंत्रापुढं उभी राहिली. सगळ्या गल्लीला जाऊन विचारलं होतं. हिला कुणी विचारलं नव्हतं. आधीच्या वेळी ती मतदानाला आलीच नव्हती, ही गोष्टही नवऱ्याला माहीत नव्हती. ती इतका वेळ उभी राहिली की टेबलामागच्या बाईंनी आवाज दिला, "ताई, मशीन अडकलं का?"

"नाही, ठीक आहे," ती म्हणाली आणि बटण दाबून बाहेर आली.

तो निवडून आला, चांगला दणदणीत. शाळेच्या केंद्रावर तर पहिल्या वेळेपेक्षाही जास्त मतं पडली. दुपारी मिरवणूक गल्लीत आली, ढोल बेकरीपुढं थांबले, पोस्टमास्तरांनी गॅलरीतून हात वर केला. मग लोक पांगले. मोठ्या चौकात सभा होती, गाडी दारात उभी होती. तो शर्ट बदलायला वर घरात आला. अंगभर रंग, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. तीही वर आली होती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "आपलं केंद्र! तूही दिलंस ना मला?"

"दिलं. आमदाराला दिलं," ती म्हणाली. "नवऱ्याचं अजून ठरलं नाही."

तो हसला. गल्ली हसली होती तसाच. मग त्यानं तिच्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. खाली हॉर्न वाजला. खिशातला फोन वाजायला लागला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. तो शर्टाची एक बाही घालून उभा होता. जिन्यावरून मेहुण्यानं हाक मारली, "भाऊजी, लोक खोळंबलेत!"

त्यानं फोन काढून बंद केला आणि टेबलावर ठेवला. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. शर्टाची दुसरी बाही तशीच लोंबत होती.

"तेव्हा," तो म्हणाला, "फार दुखत होतं का तुला?"

इतक्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. तिला वाटलं होतं, विचारेल तेव्हा आपण काहीतरी खमकं बोलू. पण तिचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "फार दुखत होतं."